सतरा नंबरचा जोडीदार

आमच्या माजी विद्यार्थी संघाचा इतिहास मी लिहिला आहे. स्मरणिकेत पान पाच ते पान अकरा. दुसरं कोण लिहिणार? संघाची पहिली बैठक मी बोलावली, घटना मी लिहिली, नोंदणीसाठी परभणीच्या चकरा मी मारल्या, कारण तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. तेरा वर्षं इतिवृत्ताची वही माझ्याच घरी, माझ्याच लोखंडी पेटीत आहे. आमचा खजिनदार मोहनसिंग मला 'सचिवसाहेब' म्हणतो आणि म्हणताना हसतो. हसू दे बापडा.

त्या सात पानांत सगळं आलं आहे. डोंगरकडा गावाच्या अलीकडे चर्चच्या आवारात दोन खोल्यांत शाळा कशी निघाली, वसईकडचे फादर मार्टिन इथल्या उन्हात कसे रुळले, संघ कसा उभा राहिला, कोणत्या साली कोण अध्यक्ष झाला, सगळं. फक्त एक नाव त्यात नाही. रणजीत आडे. ते नजरचुकीनं राहिलं असं कोणाला वाटू नये म्हणून सांगतो, ते मी मुद्दाम गाळलं होतं. स्मरणिका छापून झाली, वाटून झाली, आता तिच्यात काही घालता येत नाही. म्हणून उरलेलं इथं लिहितो.

मी विजयकुमार कऱ्हाळे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. पाचवी ते दहावी वर्गात पहिला नंबर माझा. एकदाही सुटला नाही. वडिलांची अठरा एकर जमीन. सुगी झाली की आमच्या घरून फादरकडे काहीतरी जायचं. कधी तुरीची डाळ, कधी गुळाची ढेप. मी ती डोक्यावर घेऊन जायचो. फादर म्हणायचे, "वडिलांना धन्यवाद सांग," आणि आचाऱ्याला हाक मारून ढेप आत पाठवायचे. झालं. एवढंच.

रणजीत तांड्यावरचा. पाचवीत आला तेव्हा त्याला धड मराठी बोलता येत नव्हतं, घरात गोरमाटी बोलायचे. अभ्यासात मधला. तो थंडीच्या दिवसांत सदऱ्याच्या खिशात बोरं भरून आणायचा. रानातली, धुळीची, अर्धी किडकी. फादर वर्ग चालू असताना त्याच्या खिशात हात घालायचे, बोरं काढायचे आणि तिथंच खायचे. बिया खिडकीतून बाहेर फुंकायचे. एवढा मोठा पांढऱ्या झग्यातला माणूस पोरासारखा बिया फुंकतोय आणि रणजीत दात काढून हसतोय, हे मी सतरांदा पाहिलं. आमच्या गुळाची चव कशी होती हे फादरनी मला एकदाही सांगितलं नाही.

माझं पोट तेव्हापासून दुखतं. याला दुसरं चांगलं नाव मला सापडलेलं नाही, आणि आता शोधायचंही नाही.

आठवीत फादरनी चर्चची घंटा वाजवायचं काम रणजीतला दिलं. दोराच्या कोठडीची चावी त्याच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. मी फादरना विचारलं, "पहिला नंबर माझा आहे, तर चावी त्याला काहून?" फादर म्हणाले, "तू अभ्यास छान करतोस, बाळा. तो घंटा छान वाजवतो." आता घंटा वाजवण्यात छान ते काय असतं? दोर ओढला की वाजते.

आणि फादरनी आमची जोडी लावली होती, ते वेगळंच. हा आमच्या शाळेचा नियम होता, दुसऱ्या शाळेत मी तो पाहिला नाही. सुगीत, पेरणीत, लग्नसराईत लेकरं शाळेतून गळायची. म्हणून फादरनी हजेरीतल्या शेजारच्या नंबरांच्या जोड्या केल्या. एकला दोन, तीनला चार. जोडीदार एकाच बाकावर बसायचे. हजेरीत नाव पुकारलं आणि कोणी बोललं नाही, की त्याच्या जोडीदारानं उभं राहून कारण सांगायचं. 'माहीत नाही' हे उत्तर चालत नसे. शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायचं, विचारायचं, फादरचा काही निरोप असेल तर तो द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. सतरा नंबर रणजीत आडे, अठरा नंबर मी. सहा वर्षं मी त्याच्यासाठी उभा राहिलो. "फादर, रणजीतला ताप आहे." "फादर, रणजीतची म्हैस व्याली." तांड्यावर गेलो की त्याची माय चंदाबाई मला बाजेवर बसवायची, गुळाचा चहा द्यायची आणि म्हणायची, "तू आला म्हंजे फादरच आले, बाबू."

एकोणीसशे एकोणनव्वद साल. आम्ही दहावीत. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते आणि तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. दोन दिवस रणजीत शाळेत आला नाही. शनिवारी शाळा सुटताना फादरनी मला थांबवलं.

"विजय, आज तांड्यावर जा. रणजीतला सांग, त्याचा परीक्षेचा फॉर्म मी भरलाय. आईवडील जाऊ देत, त्यानं जायचं नाही. माझ्या शेजारची खोली मी साफ केलीय. तिथं राहील, परीक्षा देईल. नीट सांगशील ना?"

"सांगतो, फादर," मी म्हणालो.

माझ्या शेजारची खोली. मी ती खोली पाहिली होती. खिडकीला जाळी, एक लोखंडी पलंग, भिंतीला पुस्तकांचं कपाट. फादर झोपायचे त्या खोलीला आणि हिला मधे एकच दार होतं. फॉर्मचं मला काही वाटलं नसतं. देऊ दे परीक्षा, माझ्या पुढं थोडाच जाणार होता. पण ती खोली माझ्या डोळ्यांत गेली.

मी निघालो. नाला ओलांडला, चढ चढलो. चढावर एक जुनी बाभूळ आहे, तिथून तांडा दिसतो. चुलींचा धूर दिसत होता, कोणीतरी ट्रकवर बाजा चढवत होतं. मी बाभळीखाली बसलो. खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या, त्या फोडून खाल्ल्या. एक एक करून सगळ्या संपवल्या. मग उठलो आणि घरी आलो.

सोमवारी हजेरीत फादर म्हणाले, "सतरा, रणजीत आडे." मी उभा राहिलो.

"फादर, तो येत नाही म्हणाला. ऊस तोडायला जातो म्हणाला."

फादरनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. पुढचं नाव माझं होतं, ते त्यांनी त्या दिवशी पुकारलंच नाही. हजेरीपट मिटला. संध्याकाळी ते मोटारसायकल काढून तांड्यावर जाऊन आले, पण ट्रक रविवारी दुपारीच गेला होता. तिथं म्हातारी माणसं आणि कुत्री राहिली होती. मला वाटलं, आता घंटेची चावी माझ्याकडे येईल. फादरनी ती कोणालाच दिली नाही. त्या वर्षी घंटा ते स्वतः वाजवायचे, आणि वाईट वाजवायचे.

रणजीत परत आला तो नऊ वर्षांनी.

मधल्या काळात मी डी.एड. केलं, नोकरीला लागलो आणि त्र्याण्णव साली संघ काढला. खरं सांगायचं तर तोही फादरसाठीच काढला. शाळा सुटली की फादर सुटतात, आणि मला ते सुटू द्यायचे नव्हते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मेळावा ठरला, कारण त्या दिवशी लेकी माहेरी असतात आणि नोकरीवरचे गावी असतात. बैठकीची सुरुवात एकेका वर्गाच्या हजेरीनं व्हायची. सगळ्यांनी आपापल्या बाकावर बसायचं, फादर नावं वाचणार, आणि न आलेल्याचं कारण त्याच्या जोडीदारानं सांगायचं. नियम जुनाच. त्यामुळं मेळाव्याच्या आधी आठ दिवस प्रत्येक जण आपल्या जोडीदाराच्या घरी जाऊन यायचा. कळमनुरीतून सेनगावला, सेनगावातून वसमतला, जिथं असेल तिथं. दुसऱ्या शाळांचे संघ निघाले आणि दोन वर्षांत बसले. आमचा चालला तो या हजेरीमुळं, आणि मी इतिहासात तसं लिहिलंही आहे.

घटनेतलं चौथं कलम मात्र माझं. 'या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्तीच संघाची सभासद होऊ शकेल.' तेव्हा कोणाला खटकलं नाही. पहिल्या मेळाव्यात मी आमच्या वर्गाच्या सभासदांची यादी फादरच्या हातात दिली. त्यांनी वाचता वाचता सोळानंतर मान वर केली.

"रणजीत कुठं असतो रे?"

"माहीत नाही, फादर. आणि तो घटनेत बसत नाही."

फादरनी मान परत खाली घातली. यादी पुढं वाचली. सत्त्याण्णव साली त्यांची बदली झाली आणि हजेरी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्षी मी फार खूश होतो.

आणि अठ्ठ्याण्णव साली हा उगवला. सांगलीकडं एका मंडपवाल्याकडे राहून काम शिकला होता. डोंगरकड्याला त्यानं स्वतःचं मंडपाचं दुकान टाकलं, वर आचारीही तोच. मेळाव्याच्या आदल्या दिवशी बघतो तर शाळेच्या पटांगणात मंडप उभा, आणि रणजीत बांबूवर चढून दोर आवळून राहिलेला. मोहनसिंगनं बोलावलं होतं. दोघं एकाच तांड्याचे.

"काय गुरुजी, बरं हाय न्हवं?" वरूनच ओरडला. शाळेत तो मला विज्या म्हणायचा. आता गुरुजी. तेही मला टोचलं.

"तुझे किती होतील?" मी विचारलं.

"आपल्या शाळंचे कसले पैशे?" तो म्हणाला आणि पुढच्या बांबूवर गेला.

आपल्या शाळेचे! त्या दिवसापासून आमच्या मेळाव्याची रयाच गेली. म्हणजे गर्दी वाढली, ते मी नाकारत नाही. पण गर्दी कुठं? मी व्यासपीठावर अहवाल वाचतोय आणि अर्धी माणसं मागं त्याच्या आराभोवती. आर म्हणजे गोवऱ्यांचे निखारे. त्यात तो कणकेच्या बट्ट्या भाजायचा, वरण आणि वांग्याची भाजी करायचा, आणि बोलत राहायचा. कोणाची पोरगी कुठं दिली, कोणाच्या बापाचं ऑपरेशन झालं, हे मला जोडीदारांच्या तोंडून हजेरीत कळायचं, त्याला आधीच ठाऊक असायचं. माझ्या वर्गातली दिपा, जी मला नमस्कारही लांबून करते, ती त्याच्या शेजारी उकिडवी बसून बट्ट्या उलथत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संघ मी काढायचा, घटना मी लिहायची आणि माणसं याची!

दोन हजार साली मोहनसिंगनं ठराव मांडला की रणजीतला सभासद करून घ्यावं. मी उठलो आणि चौथं कलम वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. मोहनसिंग म्हणाला, "अहो सचिवसाहेब, कलम आपणच लिवलं, आपणच खोडू." मी म्हणालो, "मग उद्या कोणीही येईल." बाहेरून रणजीतचाच आवाज आला, "राहू द्या ना बाप्पा. मला कुठं मिटिंगा करायच्या हायेत? वरण उतू चाललंय, चला जेवाया." सगळे हसले आणि ठराव बारगळला. जिंकलो मी, पण हसले ते त्याच्याबरोबर.

पुढच्या वर्षी तर त्यानं कहर केला. दिवाळीत माझे वडील वारले, मी मेळाव्याला जाऊ शकलो नाही. हजेरी मोहनसिंगनं घेतली. अठरा नंबर, विजयकुमार कऱ्हाळे. माझा जोडीदार संघात नव्हताच, तेव्हा कोण उभं राहणार? तर म्हणे मंडपाच्या खांबापाशी उभा असलेला रणजीत हात पुसत पुढं आला आणि म्हणाला, "गुरुजींचे बाबा गेले. मी काल जाऊन आलो. गुरुजी बसले हायेत नीट, पण जेवून न्हाई राहिले." मोहनसिंगनं ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं. आणि हो, तो आला होता आदल्या दिवशी. ओट्यावर तासभर बसला. मला वाटलं, मिरवायला आला.

मी पुढच्या बैठकीत लेखी हरकत घेतली की सभासद नसलेल्या व्यक्तीचं निवेदन इतिवृत्तात येऊ शकत नाही. ती ओळ मी स्वतः पट्टी लावून खोडली. मोहनसिंग त्या दिवशी हसला नाही.

आता दोन हजार सहा. स्मरणिका काढायची ठरली आणि प्रकाशनाला फादर यावेत असं मीच सुचवलं. फादर निवृत्त होऊन वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात राहत होते. मी त्यांना तीन वर्षं पत्रं लिहीत होतो. नजर गेली होती, उत्तरं ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे. प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ओळ असायची, 'रणजीतची काही खबर?' प्रत्येक पत्रात! मी चार चार पानं लिहायची, संघाची, शाळेची, माझी, आणि शेवटी खबर पाहिजे रणजीतची. त्या ओळीला मी कधीच उत्तर दिलं नाही.

आणायलाही मीच गेलो. एकटा, जीप करून. मोहनसिंग येतो म्हणाला तर मी त्याला पताकांच्या कामाला लावलं. फादर फार वाळले होते. हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. वाटेत बहुतेक झोपेत होते. जागे झाले की कोणत्या तरी सालात असायचे. "पाऊस झाला का रे यंदा? शाळेचा हौद भरला का?" तो हौद बुजवून सात वर्षं झाली होती. मी म्हणालो, "भरला, फादर."

जीप शाळेच्या फाटकात शिरली तशी माणसं धावली. बायका, पोरं, म्हाताऱ्या. कोणी पाया पडतंय, कोणी हात धरतंय. मी फादरचा दंड घट्ट धरून चाललो होतो. रणजीत तेवढा आला नाही. लांब आरापाशी उभा राहून त्यानं बघितलं, आणि पाठ फिरवून गोवऱ्या सारू लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी पायरी कळली म्हणायची.

फादरना जुन्या दहावीच्या वर्गात खुर्चीवर बसवलं. पहिली हजेरी आमच्या वर्गाची, आम्ही आपापल्या बाकावर बसलो. माझ्या बाकावर मी एकटाच, नेहमीसारखा. मी यादी त्यांच्या हातात दिली आणि मग जीभ चावली. त्यांना दिसत कुठं होतं? फादरनी कागद चाचपला, घडी करून मांडीवर ठेवला आणि मान वर केली.

"एक," ते म्हणाले. आणि नाव घेतलं.

"हजर, फादर."

"दोन."

त्यांना आमच्या वर्गाचा हजेरीपट तोंडपाठ होता. सतरा वर्षांनी, एकही नाव न चुकता. कोणी गहिवरलं, दिपानं पदर डोळ्यांना लावला. आणि मी त्यांच्या मांडीकडे बघत राहिलो, कारण माझी यादी तिथं घडी होऊन पडली होती आणि चौथ्या कलमाला हा हजेरीपट ओळखत नव्हता.

"सोळा."

"हजर, फादर."

"सतरा. रणजीत आडे."

कोणी बोललं नाही. फादर थांबले. खिडकीतून निखाऱ्यांचा आणि वरणाच्या फोडणीचा वास येत होता.

"रणजीतचा जोडीदार?" फादर म्हणाले.

मी उभा राहिलो. पाय आपोआप उभे राहिले, इतक्या वर्षांची सवय. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मला सहज म्हणता आलं असतं, 'फादर, तो बाहेर स्वयंपाक करतोय.' खरंच होतं ते. कोणी शोधून काढलं नसतं. पण फादरनी मान तिरकी करून कान माझ्याकडे लावला होता, त्या सोमवारी लावला होता तसाच, आणि मला दुसरं काही सुचेना.

"फादर, मी गेलोच नाही," मी म्हणालो.

"कुठं?"

"तांड्यावर. बाभळीपर्यंत गेलो आणि परत आलो. तुमचा निरोप मी त्याला दिला नाही. तो येत नाही म्हणाला, ते खोटं होतं. मीच म्हणालो ते."

मोहनसिंग अर्धा उठला आणि परत बसला. फादरचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, चष्म्यात खिडकी चमकत होती. ते कोणत्या सालात होते देव जाणे.

"मग आज जा," ते म्हणाले. "अजून उजेड आहे. खोली साफ आहे म्हणावं."

मी वर्गातून बाहेर पडलो. पटांगण ओलांडायला किती पावलं लागतात, चाळीस असतील. रणजीत उकिडवा बसून चिमट्यानं बट्ट्या उलथत होता. मी समोर उभा राहिलो.

"जेवाया येळ हाय अजून, गुरुजी."

"रणजीत, फादरचा निरोप आहे." मी पाठ केल्यासारखं म्हणालो. "तुझा परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरलाय. आईवडील जाऊ देत, तू जायचं नाही. त्यांच्या शेजारची खोली साफ केलीय."

त्यानं चिमटा थांबवला. "कवाचा निरोप हाय हा?"

"एकोणनव्वदचा. मी द्यायला निघालो होतो. दिला नाही."

"काहून?"

"मला ती खोली पाहिजे होती," मी म्हणालो. सतरा वर्षांत ते मी स्वतःलाही इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

एक बट्टी जळायला लागली. त्यानं काढली नाही. "आमी वाट पाह्यली ना रे," तो म्हणाला. गुरुजी वगैरे काही नाही. "बाप शिव्या देऊन राहिला व्हता, टरकवाला हारन वाजवून राहिला व्हता. माय म्हणे, थांबा, फादरचा नियम हाय, जोडीदार आल्याबिगर राहत न्हाई. मी आयतवारी बाभळीपस्तोर जाऊन आलो. तिथं शेंगाची टरफलं पडेल व्हती. म्हणलं, कोणतरी येऊन गेलं." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, फादरनं कोणाला धाडलंच न्हाई. म्हणलं, असतील त्यायला शंभर पोरं. मी कशाला ध्यानात राहीन?"

मी काटकीनं ती बट्टी बाहेर ढकलली.

"म्हंजे फादरनं मला बोलावलं व्हतं?" त्यानं विचारलं. माझ्याकडे बघतही नव्हता. पस्तिशीकडे आलेला माणूस, कानाजवळचे केस पांढरे झालेले, आणि तोंड दहावीतल्या पोराचं.

"हो. बोलावलं होतं."

तो उठला. सदऱ्याला हात पुसले, टोपी काढून खिशात कोंबली आणि वर्गाकडे चालू लागला. मी मागं. दारात त्यानं चप्पल काढली आणि जुन्या पद्धतीनं हात पुढं करून उभा राहिला.

"आत येऊ का, फादर?"

आवाज ऐकल्याबरोबर फादर खुर्चीत पुढं झुकले. "ये. उशीर केलास."

"व्हय, फादर."

तो जवळ गेला, गुडघ्यावर बसला. फादरचा हात चाचपडत त्याच्या डोक्यावरून खाली आला, खांद्यावर आला आणि मग सदऱ्याच्या खिशात शिरला. तिथं टोपी होती.

"बोरं नाही आणली?"

"अजून पिकली न्हाईत, फादर," रणजीत म्हणाला आणि रडायला लागला.

मी दारातच उभा होतो. कबुली दिली की माणूस हलका होतो असं फादर चर्चमध्ये सांगायचे. मी हलका झालो नाही. तो हात त्या खिशात जाताना पाहिला आणि मला जळायचं ते जळलंच, आठवीत जळायचं तेवढंच. मी याला आणायला गेलो, मी खरं बोललो, आणि हात त्याच्याच खिशात. लाज वाटली, पण जळणं थांबलं नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

रणजीत आमच्या बाकावर जाऊन बसला, बरोबर मधोमध. फादरनी डोळे पुसले आणि मान वर केली.

"अठरा. विजयकुमार कऱ्हाळे."

मी तोंड उघडलं. 'हजर' एवढा एक शब्द म्हणायचा, तो त्या दारात उभं राहून म्हणवेना. वर्गात कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"विजयकुमारचा जोडीदार?" फादर म्हणाले.

रणजीत उभा राहिला. मागं वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, आता सांगेल. तांड्याचं, मायचं, ट्रकचं, सगळं भर वर्गात सांगेल, आणि सांगण्याचा त्याला हक्क होता.

"हाय फादर, विज्या आलेला हाय," तो म्हणाला. "दारात उभा हाय. आत याया लाजून राहिला."

"त्याला म्हणावं, ये," फादर म्हणाले.

रणजीत खाली बसला. मला बोलावलं नाही, हात केला नाही. नुसता बाकावर एका बाजूला सरकला, एका माणसापुरती जागा झाली. मी चप्पल काढली आणि जाऊन बसलो.